ई-मेलच्या प्रोग्रॅमसाठी पैसे मोजावेत का?

आमचा दिवाळी अंक कोल्हापुरातून निघतो. जून उजाडला की कचेरीत टपाल सुरू होतं आणि नवरात्रापर्यंत थांबत नाही. कथा, कविता, ललित लेख, व्यंगचित्रं, मुखपृष्ठाचे कच्चे आराखडे, जाहिरातींच्या रिलीज ऑर्डरी, मुद्रितशोधकांनी खुणा केलेल्या पीडीएफ, मानधनासाठी लेखकांनी कळवलेले बँकेचे तपशील, असं सगळं एकाच ई-मेल पत्त्यावर येऊन पडतं. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा हे सारं पाकिटांतून येत असणार. संपादकाचं काम तेव्हाही टपालावर चालायचं आणि आजही टपालावरच चालतं. त्यामुळे हे टपाल कुठे राहतं, ते कोण सांभाळतं आणि त्यासाठी पैसे कुणाला द्यायचे, हे प्रश्न मला अंकाच्या कागदाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आमचा पत्ता जीमेलवरचा, फार जुना. १ एप्रिल २००४ ला गूगलने ही सेवा जाहीर केली तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळणार, ही अनेकांना एप्रिल फूलची थाप वाटली होती. आता १५ जीबी मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. चित्रकार छपाईच्या दर्जाची रेखाटनं पाठवतात. मेलमधून जाताना जोडलेली फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते, तीन बाइटांच्या जागी चार अक्षरं येतात, आणि त्यामुळे १८ एमबीचं चित्र मेलमध्ये २४ एमबीचं होऊन बसतं. अशी वर्षानुवर्षांची चित्रं साठली आणि एका जुलैत जागा भरत आल्याची सूचना यायला लागली. जागा पूर्ण भरली की नवी मेल स्वीकारली जात नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये लेखकाची कथा परत जाणं म्हणजे काय, हे कुठल्याही संपादकाला विचारा.

पुण्याला असणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भर, १०० जीबी मिळते, मोकळी हो. डेस्कटॉपवर मेल उतरवून घेणारं आता राहिलंय कोण?” आमचा हिशेब आणि वर्गणी पाहणाऱ्या अण्णांचं म्हणणं दुसरं. “ताई, जुनं काढून टाका की. फुकट मिळतंय त्याला आणि पैसं कशाला घालायचं?”

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण मला जे हवं होतं ते दोघांच्याही उत्तरात नव्हतं. जुनं काढून टाकायचं नव्हतं. आणि ते सगळं पुढेही फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर, दरमहा भाडं भरून ठेवायचं, हेही मनाला पटत नव्हतं. याला कारणं दोन.

पहिलं कारण ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि नेटही गेलं. ओळखीच्या एका दवाखान्यातल्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून आणता येत होता. मांडणीची पानं त्यात होती. लेखकांनी कळवलेल्या दुरुस्त्या मात्र मेलमध्ये होत्या, आणि मेल ब्राउझरमध्ये. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती, म्हणजे ऑगस्टमधली पानं ऑगस्टमध्येच छापखान्यात जायला हवीत. शेजारच्या गल्ल्यांतली माणसं शाळेच्या वर्गांत मुक्कामाला असताना अंकाची काळजी करणंही जड जात होतं, हे खरं. पण पाणी उतरल्यावर कामं पुन्हा सुरू होतात आणि माणसांचं पोट त्याच कामांवर असतं. चार्ज केलेला लॅपटॉप मांडीवर होता आणि त्यात लेखकांचं एकही पत्र नव्हतं, ही गोष्ट मी विसरले नाही.

दुसरं कारण एका परवानगीचं. एका ज्येष्ठ कथाकारांनी आपली जुनी कथा आमच्या निवडक कथांच्या संग्रहात घ्यायला मेलवरून संमती दिली होती. पुढे ते गेले. संग्रह छपाईला जाताना त्यांच्या मुलीने विचारलं, “बाबांनी याला होकार दिला होता का? मला एकदा पाहायचंय.” तिचा प्रश्न रास्त होता. वडिलांच्या लेखनाची राखण करणाऱ्या मुलीने तो विचारलाच पाहिजे. मेल सापडली. त्यात संमती होती आणि खाली एक ताकीद होती, की कथेचा शेवटचा परिच्छेद पहिल्या आवृत्तीत होता तसाच ठेवा, मधल्या संपादकाने केलेला बदल मला कधीच मान्य नव्हता. मी ती मेल तिला पाठवली. तिने त्या पत्राची छापील प्रतही मागून घेतली. परवानगीचं समाधान तर झालंच होतं, पण वडिलांचा तो आग्रह त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळाला, तो तिला जवळ ठेवायचा होता.

आपल्या कायद्याने लेखकाचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे आज हयात असलेल्या लेखकाने मेलवर दिलेल्या संमतीची गरज २०९० सालीही कुणाला तरी पडू शकते. मी तेव्हा नसेन, अंकही कदाचित नसेल, पण ते पत्र असायला हवं. डेस्कटॉपवरचा मेल क्लायंट, म्हणजे मेल संगणकात उतरवून घेणारा प्रोग्रॅम, निवडताना माझ्यासमोर हा काळ होता.

आणि हा काळ समोर ठेवला की या प्रोग्रॅमांचा इतिहास वेगळा दिसायला लागतो. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने १९८८ मध्ये युडोरा लिहिला. युडोरा वेल्टी या अमेरिकी कथालेखिकेची पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईची एक कथा आहे, त्यावरून त्याने हे नाव घेतलं. एका मेलच्या प्रोग्रॅमला कथालेखिकेचं नाव मिळावं, याचा मला फार आनंद झाला. पुढे क्वालकॉम कंपनीने तो घेतला आणि २००६ मध्ये त्याचं काम थांबवलं. विंडोजबरोबर येणारा आउटलुक एक्सप्रेस आपल्यापैकी अनेकांनी सायबर कॅफेत आणि कचेऱ्यांत वापरला, तो गेला. त्याच्या मागून विंडोज लाइव्ह मेल आला, त्याची देखभाल जानेवारी २०१७ मध्ये संपली. विंडोज १० मधलं मेल हे ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. हे सगळे फुकटचे होते म्हणून गेले असंही नाही. मॅकवरचा स्पॅरो लोक पैसे देऊन घेत होते, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि स्पॅरो तिथेच थांबला. पोस्टबॉक्स हाही विकत मिळायचा. २०२४ मध्ये ईएम क्लायंट नावाचा दुसरा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला आणि बंद केला.

पैसे भरले म्हणून प्रोग्रॅम जगतो, असं यातून दिसत नाही. पण त्याच इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने ती जास्त मोलाची. युडोरा गेला, पण त्यात साठवलेली पत्रं आजही वाचता येतात. तो ती साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवायचा, एमबॉक्स नावाच्या जुन्या, सर्वांना खुल्या पद्धतीच्या जवळ जाणाऱ्या रीतीने. एकेक मेल सुटी ठेवायची असेल तर ईएमएल नावाची फाइल असते, तीही नोटपॅडमध्ये उघडता येते. मजकूर कधी थेट दिसतो, कधी सांकेतिक अक्षरांत दिसतो, पण तो संकेत सर्वांना ठाऊक असलेला आहे आणि उलगडणारं साधन कुणीही लिहू शकतं. पत्र कुठल्या प्रोग्रॅममध्ये आहे यापेक्षा ते कुठल्या रूपात आहे, हे मी आधी पाहायचं ठरवलं.

इथे मेल उतरवण्याच्या दोन रीतींबद्दल सांगायला हवं, कारण अनेकांचा घोळ याच ठिकाणी होतो. पॉप ही जुनी रीत. ती मेल सर्व्हरवरून आपल्या संगणकात आणते. आयमॅप ही मार्क क्रिस्पिन याने १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना काढलेली. तिच्यात मेलचं खरं घर सर्व्हरच राहतं आणि आपल्या संगणकात त्याची प्रत दिसते. म्हणून कचेरीतल्या संगणकावर वाचलेली मेल फोनवरही वाचलेली दिसते. सोय मोठी आहे. पण संगणकात दिसते म्हणून मेल आपल्याकडे सुरक्षित आहे, असं धरून सर्व्हरवरची जागा मोकळी करायला गेलं तर दोन्हीकडून जाते. जे कायमचं स्वतःजवळ ठेवायचं ते संगणकातल्या स्थानिक फोल्डरमध्ये वेगळं हलवावं लागतं. जीमेलच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. तिथली लेबलं मेल क्लायंटमध्ये फोल्डर म्हणून दिसतात आणि ‘ऑल मेल’ या फोल्डरमध्ये पुन्हा सगळं येतं, त्यामुळे एकच मेल दोन-तीन ठिकाणी असल्यासारखी वाटते. ‘ऑल मेल’ उतरवायचं नाही अशी खूण आधी करून ठेवली तर संगणकातली जागाही वाचते आणि डोकंही शांत राहतं.

मग मी एकेक प्रोग्रॅम लावून पाहायला घेतला. चकचकीत रूप, गडद रंग, मेल तासाभराने पुन्हा वर आणण्याची सोय, हे सगळं मी बाजूला ठेवलं. आमच्या कामाला लागतं ते तपासलं.

सगळ्यात आधी मराठी शोध. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘चेहऱ्यावरचा’ यांतला अर्धा र आपण दोन प्रकारे टाइप करतो. काही कळफलक नुक्त्याचा र वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला अक्षर सारखंच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ॲडव्होकेट, ॲप यांतल्या ॲ चंही तसंच. काहींचा ॲ अखंड असतो, काहींचा अ वर चंद्र देऊन केलेला. त्यावर आपले विभक्तीचे प्रत्यय. लेखकाने ‘कथेचा’ लिहिलंय आणि आपण ‘कथा’ शोधतोय, तर मूळ रूपच बदललेलं असल्याने काही सापडत नाही. मी आमच्या जुन्या मेलमधले असे शब्द निवडून एक यादी केली आणि प्रत्येक प्रोग्रॅमला तीच दिली. एका चांगल्या किमतीच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी शोध क्षणात व्हायचा आणि मराठी शब्दांना निम्म्या वेळा रिकामं पान यायचं. तो तिथेच बाद झाला. सगळे प्रकार एका झटक्यात पकडणारा एकही मिळाला नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधायचा, आणि लेखकाचं नाव, वर्ष, विषय यांच्या चाळणीने यादी छोटी करायची, ही रीत ठरवली. ज्यात ही चाळणी सोपी, तो पुढे गेला.

दुसरी अडचण जुन्या फाँटांची. युनिकोड रुळण्यापूर्वी आमचे लेखक श्रीलिपीत किंवा शिवाजी फाँटमध्ये मजकूर करून थेट मेलमध्ये चिकटवायचे. त्या मेल आज उघडल्या तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. पण मेलच्या आत फाँटचं नाव लिहिलेलं असतं. संगणकावर तो फाँट बसवलेला असला आणि प्रोग्रॅमने ते नाव पाळलं, तर पान जसंच्या तसं उमटतं. आमच्या मांडणीकारांनी जुने फाँट जपून ठेवले होते. एका दुपारी त्यांनी ते बसवले आणि निरर्थक दिसणाऱ्या त्या ओळींच्या जागी एका दिवंगत कवयित्रीचं आठ-दहा ओळींचं टिपण उभं राहिलं, कवितेतल्या विरामचिन्हांना हात लावू नका असं सांगणारं. आम्ही दोघंही काम थांबवून ते वाचत बसलो.

तिसरी गोष्ट जाहिरात संस्थांची. तिथे बहुतेक ठिकाणी आउटलुक असतं, आणि काही वेळा त्यातून पाठवलेली जाहिरात आपल्याकडे विनमेल डॉट डॅट अशा नावाच्या फाइलीत गुंडाळून येते. ती उलगडता आली नाही तर जाहिरात हातात असून छापता येत नाही. काही प्रोग्रॅमांना ते मुळातच जमतं, काहींना छोटं जोडसाधन लावावं लागतं.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यांत मोठी परीक्षा बाहेर पडण्याची. सगळी मेल आत घेतल्यावर मी प्रत्येकाला विचारायचे, आता हे सगळं मला परत दे. फोल्डरसकट, तारखांसकट, जोडलेल्या फाइलींसकट, दुसऱ्या कुणालाही वाचता येईल अशा रूपात. आत घ्यायला सगळे उत्सुक असतात. परत देताना एका प्रोग्रॅममध्ये फोल्डरागणिक वेगवेगळं काढावं लागत होतं, आणि आमच्याकडे लेखकागणिक फोल्डर आहेत. त्याची महिन्याची वर्गणी परवडण्यासारखी होती, रूपही देखणं होतं, पण मी तो काढून टाकला.

आउटलुकचा विचार मी नीट केला, कारण ते बहुतेकांना येतं. ते मेल पीएसटी नावाच्या एका मोठ्या फाइलीत ठेवतं. जुन्या काळी या फाइलीची मर्यादा २ जीबी होती, २०१० च्या आवृत्तीपासून ती ५० जीबी झाली. ज्या कचेरीत मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आहे, सगळ्यांची कॅलेंडरं एकमेकांत गुंफलेली आहेत, सभांच्या वेळा तिथूनच ठरतात, त्यांनी आउटलुकला किंवा एक्स्चेंजशी नीट बोलणाऱ्या दुसऱ्या सशुल्क प्रोग्रॅमला पैसे द्यावेत, ते वसूल होतात. विंडोजबरोबर फुकट मिळणारं नवं आउटलुक वेगळं आहे. त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं की त्यातली मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते. काहींना यात वावगं वाटणार नाही. मला मात्र लेखकांची पत्रं आणखी एका ठिकाणी जायला नको होती.

ईएम क्लायंट हा झेक प्रजासत्ताकातला प्रोग्रॅम. व्यक्तिगत वापरासाठी थोड्या खात्यांपुरता फुकट, व्यवसायासाठी परवाना विकत घ्यायचा. वापरायला सुबक, कॅलेंडर आणि पत्ते एकत्र, अडलं तर उत्तर द्यायला माणसं. अण्णा म्हणाले, “फुकटवालाच घ्या की, कोण बघतंय?” मी नाही म्हटलं. अंक हा आमचा व्यवसाय आहे, आपल्या अंकातली कथा कुणी न विचारता छापली तर आपण भांडतो, मग त्यांच्या अटी आपणही पाळायच्या. अण्णांना ते लगेच पटलं. ज्या घरात तांत्रिक गोष्टी पाहणारं कुणी नाही, ज्यांना अडल्यावर उत्तर देणारं माणूस हवं, त्यांना असा प्रोग्रॅम विकत घ्या म्हणून मी सांगेन. त्यात तुम्ही माणसाच्या वेळेचे पैसे देता आणि तो वेळ खरोखर मिळतो.

आमच्या कचेरीत बसला थंडरबर्ड. तो फुकट आहे म्हणून बसला असं नाही. मेल तो एमबॉक्सच्या फाइलींत ठेवतो, फोल्डरागणिक एक. सगळं एका जागी असतं, तो फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवला की बॅकअप झाला. लेखकाच्या नावाने येणारी मेल आपोआप त्याच्या फोल्डरमध्ये टाकणारे नियम आहेत, पोचपावतीचे नमुने करून ठेवता येतात. नेट नसताना सगळं वाचता येतं, लिहिताही येतं, नेट आलं की पत्रं निघतात. आमचे मांडणीकार दोन दिवसांत सरावले.

पण पैशांचा प्रश्न इथे संपत नाही, खरं तर इथेच सुरू होतो. जुनी मेल वाचता यावी म्हणून खुली रूपं पुरतात. नवी मेल येत राहावी यासाठी मात्र प्रोग्रॅमची रोज कुणीतरी देखभाल करावी लागते. २०२२ च्या मे अखेरीस गूगलने खासगी खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं. त्यानंतर प्रोग्रॅमने गूगलचीच प्रवेशाची खिडकी उघडायची, तिथून संमती आणायची, अशी नवी पद्धत आली. ज्यांची देखभाल चालू होती त्यांनी ती आधीच शिकून घेतली होती, ज्यांची थांबली होती ते तिथेच अडकले. सुरक्षेच्या त्रुटी सापडतात, त्या बुजवाव्या लागतात. विंडोज बदलतं, त्याबरोबर जुळवून घ्यावं लागतं. हे करणारी माणसं पगारावर असतात आणि तो पगार कुठून तरी यावा लागतो.

थंडरबर्डवर ही वेळ येऊन गेली आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आणि २०१२ मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाने त्यावरचं आपलं लक्ष काढून घेत असल्याचं जाहीर केलं. पुढची काही वर्षं तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर तगला. मग वापरणाऱ्यांकडून देणग्या यायला लागल्या, २०२० मध्ये मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली, माणसं नेमली गेली, आणि २०२३ मध्ये जुनाट झालेलं रूप बदलून नवी आवृत्ती आली. २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोकांनी मिळून त्याला सुमारे ६४ लाख डॉलर दिले. कुणी सक्ती केली नव्हती. वापरणाऱ्यांतल्या थोड्यांनीच दिले, आणि तेवढ्यावर सगळ्यांचा प्रोग्रॅम चालला.

हे वाचलं तेव्हा मला आमचे वर्गणीदार आठवले. अंक छापून होण्याआधी, मुखपृष्ठही न पाहता, उन्हाळ्यातच पैसे पाठवणारी माणसं. त्यांच्या पैशांतून कागद येतो, आणि तो अंक पुढे वाचनालयांत, शेजाऱ्यांत, बसमध्ये कितीतरी न देणाऱ्यांच्या हाती जातो. मराठी नियतकालिकं अशीच जगली आहेत. आम्ही दर वर्षी वाचकांना वर्गणीसाठी पत्र लिहितो आणि त्यात मनापासून लिहितो की तुमच्याशिवाय हा अंक उभा राहत नाही. असं लिहिणाऱ्या कचेरीने आपली सगळी पत्रं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला एक पैसाही देऊ नये, हे मला चालण्यासारखं नव्हतं. मी अण्णांना सांगितलं, वर्षाच्या अंदाजपत्रकात टपालखर्चाच्या खाली एक ओळ वाढवा. अण्णांनी आधी रक्कम विचारली, मग विचारलं, “पावती येते का?” येते, म्हटल्यावर त्यांनी ओळ वाढवली.

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असं आहे. मेलच्या प्रोग्रॅमसाठी पैसे द्यावेत, मग ते परवान्याचे असोत की देणगीचे. पण देण्यापूर्वी पाहावं ते हे, की आपली पत्रं खुल्या रूपात राहतात का, एका वेळी सगळी बाहेर काढता येतात का, आणि आपल्या पैशांतून देखभाल करणाऱ्या माणसांचा पगार होतो का. पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो प्रोग्रॅम फुकटसुद्धा घेऊ नये. नुसती जागा विकत घेण्याला माझा विरोध नाही, पण त्याने पत्रं आपली होत नाहीत, ती तिथे राहण्याची मुदत तेवढी वाढते.

आमची आताची रीत सांगते. दिवाळी झाली, मानधनं गेली, की त्या वर्षाची सगळी मेल स्थानिक फोल्डरमध्ये आधी नुसती प्रत म्हणून घेतो. दोन्हीकडची संख्या जुळवतो, मोठ्या चित्रांच्या काही मेल उघडून पाहतो, आणि मगच सर्व्हरवरची काढतो. त्या फोल्डरच्या प्रती दोन डिस्कवर जातात. एक कचेरीत वरच्या फळीवर असते, दुसरी पुण्याला भाच्याकडे, पंचगंगेपासून लांब. परवानग्यांच्या मेल याशिवाय ईएमएल रूपात सुट्या काढून लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. आणि वर्षातून एकदा ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून सगळं उघडतं का ते पाहतो. भाचा आता हे स्वतःहून करतो. मागच्या खेपेला त्याने फोनवर एका जुन्या लेखकांचं पत्र मला वाचून दाखवलं आणि विचारलं, “मावशी, यांची पुस्तकं अजून मिळतात का गं?”

लेखक, संपादक, प्रकाशक, भाषांतरकार, ज्यांच्याकडे अशी पत्रं आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या मेलमध्ये आज हयात नसलेल्या माणसांचा मजकूर असेल, तर येत्या दिवाळीच्या कामांची गर्दी होण्याआधी तो एकदा स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. प्रोग्रॅम कुठलाही घ्या. पत्रं मात्र खुल्या रूपात ठेवा, आणि ती कुठे ठेवली आहेत ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.